तुपाची बरणी आणि गाडीवरचा माणूस

अमडापूर
५ ऑगस्ट २०१७

चि. आलिमा हीस रंगरावकाकांचे आशीर्वाद.

प्रकरण गंभीर आहे, तेव्हा बसून वाच. आमच्या घरात तुपाच्या बरणीला हद्दपारी झाली आहे. हद्द फार लांबची नाही. फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमागे तिला बसवलं आहे. पण तिथवर हात पोचायला जे स्टूल लागतं त्यावर तुझ्या सत्यभामाकाकू दिवसभर बसून असतात, आणि उठल्याच तर स्टूल घेऊन उठतात. चातुर्मासात माणसं एखादा पदार्थ सोडतात हे मी ऐकून होतो. पदार्थाने माणूस सोडल्याचं उदाहरण मात्र माझ्या पाहण्यात पहिलंच.

याला कारण एक कागद. चिखलीला शिक्षकांसाठी रक्ततपासणीचं शिबिर होतं. तिथून जो कागद आला त्यावर वाईट कोलेस्टेरॉलपुढे वर जाणारा बाण आहे. चांगल्यापुढे बाण नाही, नुसता आकडा आहे: अडुसष्ट. माझ्या वर्गात अलीकडे संस्कृतातही एवढे गुण कुणाला पडत नाहीत. कागद देणारी मुलगी म्हणाली, "सर, तुमचं चांगलं कोलेस्टेरॉल एकदम मस्त आहे." हे वाक्य मी घरी दोनदा म्हणून दाखवलं. काकूंनी बाणावर बोट ठेवलं आणि स्टूल आणलं.

आता एकाच रक्तात चांगलं आणि वाईट शेजारी शेजारी कसं नांदतं, आणि चांगलं भरपूर असताना वाईटाची एवढी धास्ती का, हे मला कुणीतरी समजावून सांगायला हवं. माझ्या वर्गात बसून धातुरूपं घोकलेली आणि पुढे रक्ताच्या बाटल्यांमागे हैदराबादला गेलेली एकच मुलगी माझ्या ओळखीची आहे. तुझ्या बापाने, जब्बारने, तुला संस्कृत घ्यायला लावलं तेव्हा गाव त्याला हसलं होतं. तो म्हणाला होता, "रंग्या शिकवते ना, मंग पोरगी काहीतरी शिकीनच." त्या विश्वासाची परतफेड कर. फोनवर सांगू नकोस. फोनवर तू "काका, थोडक्यात सांगते" म्हणतेस, आणि थोडक्यात सांगितलेलं मला कळत नाही.

धाकटा सहदेव बरा आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. यंदा कपाशी फोफावली, पऱ्हाटी त्याच्या डोक्याच्या वर गेली आहे. या बियाण्याला बोंडअळी लागत नाही असं सांगून सांगून सगळ्यांना ते घ्यायला लावलं, आणि आता गुलाबी अळी बोंडाच्या आत बसून शांतपणे जेवते. म्हणून फवारणी, आणि फवारणीवर फवारणी. तो घरी यायच्या आधी त्याचा वास येतो. डोळे लाल, डोकं धरलेलं. त्याची बायको पंचफुला त्याचे कपडे विहिरीपाशी वेगळे धुते. वडिलांनी मला संस्कृतला दिलं आणि त्याला शेताला दिलं. तेव्हापासून तो राबतो आणि मी समास सोडवतो, अशी आमच्या घराची वाटणी आहे.

ते वडीलही शेतातच गेले, उभ्या पऱ्हाटीत, पन्नाशीच्या आत. सगळे हार्ट म्हणाले. त्या दिवशीही फवारणी होती. या दोहोंचा काही संबंध असतो का, हे जमलं तर लिही.

आणि तुपाबद्दल शास्त्राचा निकाल कळव. तो माझ्या बाजूने असावा अशी अपेक्षा आहे, पण दबाव नाही.

तुझा,
रंगरावकाका


हैदराबाद
१४ ऑगस्ट २०१७

रंगरावकाकांना सलाम, काकूंना नमस्कार.

तुपाच्या खटल्यात मी पडणार नाही. काकूंच्या पुरणपोळीवर मला अजून हक्क सांगायचाय, आणि न्यायाधीशाला कुणी पुरणपोळी वाढत नाही.

कोलेस्टेरॉलचं सांगते. अब्बांच्या जिनिंगचं आवार डोळ्यांपुढे आणा. कापूस उतरवताना सगळीकडे सांडतो, कोपऱ्याकोपऱ्यांत साठतो. तसं आपल्या रक्ताच्या नळ्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साठतं. चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे तो सांडलेला माल गोळा करून यकृताकडे परत नेणाऱ्या रिकाम्या गाड्या. पण नुसत्या गाड्या काय करणार? त्यांच्यावर कामाची माणसं लागतात. ही माणसं म्हणजे एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला विकर म्हणायचो. एक विकर कोलेस्टेरॉल दाबून गाडीच्या पोटात बसवतं, नाहीतर माल वाटेत पुन्हा सांडतो. दुसरं एक विकर गाडीवर राखणीला बसल्यासारखं असतं. भिंतीत साठलेली चरबी खवट होऊ नये हे त्याचं काम. चरबी खवट झाली की भिंतीला सूज येते, सुजेवर थर बसतात, आणि नळी बारीक होत जाते. हृदयाचा आजार म्हणतात तो बराचसा हाच.

म्हणजे तुमचे अडुसष्ट हे फाटकावर मोजलेल्या गाड्या आहेत. किती गाड्यांवर माणूस जागा आहे, हे त्या कागदावर नसतं. मध्यंतरी गाड्यांची संख्या वाढवणारी औषधं मोठमोठ्या कंपन्यांनी काढली. आकडे छान वाढले. झटके मात्र हवे तसे कमी झाले नाहीत. आमच्याकडचे लोक अजून त्यावर डोकं धरून बसलेत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची गंमत. गाडीवर बसणारं ते दुसरं विकर फवारणीच्या काही औषधांचं विषही तोडतं. त्याला नावच मुळी अशा एका विषावरून पडलंय. मी दिवसभर नळकांड्यांत तेच मोजते, कुणात किती आहे ते. माणसामाणसांत फार फरक असतो. सहदेवकाकांना सांगा, त्यांच्या रक्तात एक राखणदार बसलेला आहे. त्यांना आवडेल ऐकायला.

तुमच्या वडिलांचं मला सांगता येणार नाही. संबंध असू शकतो, एवढंच म्हणते. बाकी सविस्तर पुढच्या वेळी. मशीन हाका मारतंय.

आलिमा


अमडापूर
२३ ऑगस्ट २०१७

चि. आलिमा, आशीर्वाद, आणि या वेळी अभिनंदनही.

बरणी खाली आली.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी बैल दारोदार फिरून परतले, सहदेव पाय धुऊन ओट्यावर बसला, आणि मी तुझं पत्र काढलं. पंचांग वाचावं तसं सावकाश वाचलं. जिनिंगच्या गाड्या त्याला ताबडतोब कळल्या. राखणदारापाशी आलो तेव्हा म्हणाला, "थांब दादा, ते पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग विचारतो, "हा राखणदार चरबीवर बसते म्हणते ना ती?" मी म्हटलं, चांगल्या चरबीवर. "मंग चांगली चरबी कोनती?"

आता सांग, संस्कृत शिकलेल्या माणसाला हा प्रश्न विचारल्यावर त्याच्या तोंडून दुसरं काय येणार? आपल्याकडे तूप विषावर उतारा म्हणून सांगितलेलं आहे, आजचं नाही, फार जुनं आहे. तुमच्या शास्त्राने नळकांडी घेऊन आता जे शोधलं ते आमच्या वैद्यांनी वाटी घेऊन आधीच शोधलं होतं. चांगली चरबी म्हणजे गाडी, गाडीवर राखणदार, राखणदार विषाचे तुकडे करतो. तू शाळेत अनुमानाची उदाहरणं चुकवायचीस, म्हणून सोडवून दाखवतो आहे.

काकूंनी मान्य केलं असं म्हणवत नाही. पण सहदेवच स्टुलावर चढला आणि बरणी काढून आणली, आणि दिराला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. पुरणपोळीवर धार पडली. मीही माझ्या रक्ताच्या हिताकडे दुर्लक्ष केलं नाही.

आता सहदेव रोज सकाळी वाटीभर तूप पिऊन शेतात जातो. तोंडाला ओलं फडकं बांधायचा, तेही सोडलं. "जीव घाबरा होते त्या फडक्यात. अन् आता आतमधीच राखणदार बसवला ना," म्हणतो. पंचफुलाला हे पटलेलं दिसत नाही. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, ती माझ्यापुढे येत नाही की बोलत नाही. पण पोळ्याच्या दिवशी दाराआडून काकूंना, मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "जाऊबाई, फडकं तरी बांधत जा म्हना त्यायले." मी भिंतीकडे पाहून उत्तर दिलं, की ज्याच्या पोटात तूप आहे त्याने तोंड झाकलं तर तुपाचा अपमान होतो. सहदेव पोट धरून हसला. फार दिवसांनी हसला तो.

त्याने कुणाचा तरी बॅटरीचा पंप आणला आहे. फवारा धुक्यासारखा बारीक पडतो. काम निम्म्या वेळात होतं.

एकूण तुझ्या पत्राने या घराचं भलं केलं. काकू तुला आठवण लिहायला सांगतात. बरणीचा उल्लेख त्यांनी टाळला.

तुझा,
रंगरावकाका


हैदराबाद
३१ ऑगस्ट २०१७

काका,

तुमचं पत्र आज मिळालं. मिळाल्या मिळाल्या फोन लावला. तुमचा मोबाईल नेहमीसारखा बंद. घरच्या फोनवर काकू होत्या. त्यांना सगळं सांगितलंय, त्या सांगतीलच. तरी लिहिते, कारण तुम्ही लिहिलेलंच मानता.

तूप खाऊन ते विकर वाढत नाही. ज्याच्यात जेवढं आहे ते बरंचसं जन्मतःच ठरलेलं असतं. आईबापाकडून येतं. तुपाचा आणि त्या गाड्यांचा तुम्ही जोडलात तसा संबंध नाही. मी "चरबी" हा शब्द पत्रात कुठे लिहिला ते माझ्याकडच्या कच्च्या प्रतीत शोधलं. खवट होते ती चरबी, असं लिहिलं होतं. राखणदार चरबीवर बसतो, असं नाही. पण तुम्ही तसं वाचाल हे मला कळायला हवं होतं.

आणि समजा एखाद्याच्या रक्तात हे विकर भरपूर असलं, तरी ते फवारणीच्या पंपासाठी नाही. रक्तात येणाऱ्या थोड्याशा विषाला ते पुरेल न पुरेल. धुक्यासारखा फवारा डोक्याच्या वरच्या झाडांवर मारला तर तो अंगावरच पडतो. कातडीतून आत जातो, श्वासातून जातो. तिथे गाडी नाही आणि माणूसही नाही. काही विषं तर चरबीत विरघळतात. पोटात तूप असलं तर त्यांचं काम सोपंच होतं.

फडकं बांधायला सांगा. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. वाऱ्याकडे पाठ. आणि ते औषध शक्यतो मारूच नका. शेवटचं वाक्य मी इथे बसून लिहितेय, ते किती सोपं आहे हे मलाही कळतं.

तुपाच्या प्रश्नाला मी पहिल्या पत्रात सरळ उत्तर द्यायला हवं होतं. मी विनोद केला.

ईदला घरी येणं यंदाही जमत नाही. पत्र मिळताच सहदेवकाकांना वाचून दाखवा. आधीचं वाचलंत तसंच, सावकाश.

आलिमा


खामगाव
२० सप्टेंबर २०१७

चि. आलिमा,

जब्बारने तुला फोनवर बरंच सांगितलं असेल. जे त्याला माहीत नाही तेवढं लिहितो.

तुझा फोन आला त्या संध्याकाळी काकूंनी मला सगळं सांगितलं. "आलिमानं सांगतलं, तूप बंद करा. तुमचंबी अन् भाऊजींचंबी. अन् फडकं बांधाले लावा." मी जेवत होतो. मला वाटलं, बरणीवर पुन्हा चढाई आली आणि या वेळी हैदराबादची कुमक घेऊन आली. मी म्हटलं, लेखी आदेश येऊ दे. त्या म्हणाल्या, "मी खोटं कायले सांगीन?" मी हसलो. पंधरा-वीस वर्षांत मी एवढं हसून ठेवलं आहे की त्या खऱ्या बोलल्या तरी मला ते डाव वाटतं.

लेखी आदेश शाळेच्या पत्त्यावर आला. गौरीगणपतीची सुट्टी होती. शिपायाने टपाल मुख्याध्यापकांच्या खणात ठेवलं. सुट्टीनंतर ते माझ्या हाती आलं तेव्हा सहदेवला इथे दवाखान्यात आणून एक रात्र उलटली होती.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. पंचफुला भाकरी घेऊन गेली तर पंपाचा आवाज येतो आणि माणूस दिसत नाही. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात तो पालथा पडला होता, पंप पाठीवर चालूच होता. तोंडाला फेस, सगळं अंग घामाने भिजलेलं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. तिने पंपाचे पट्टे विळ्याने कापले. शेजारच्या शेतातल्या दोघांनी त्याला बांधावर आणलं. जीपमधून चिखली, चिखलीहून इथे सरकारी दवाखान्यात.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्याने विचारलं, काय मारत होते, सोबत डबा आणलाय का. पंचफुलाने पदराच्या गाठीतून डब्यावरचा कागद काढून दिला. आम्हा कुणाला ते सुचलं नव्हतं. मग त्याने विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं? ती म्हणाली, तूप. त्याला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. "नुसतं तूप? कशासाठी?" मी तिच्या मागेच उभा होतो. तिने पदर आणखी पुढे ओढला आणि म्हणाली, "यायच्या दादानं सांगतलं होतं. विष लागत नाई म्हने."

लग्न होऊन आली त्याला किती वर्षं झाली, माझ्यासमोर तिने उच्चारलेली ही पहिली वाक्यं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. रीतच आहे तशी. डॉक्टरने पाहिलं.

इंजेक्शनं चालू आहेत, ठराविक वेळाने पुन्हा पुन्हा. विषाने त्याच्यातलं दुसरंच कुठलं विकर बंद पाडलं आहे म्हणे, नसांचं काम बघणारं. रोज रक्त घेऊन तेच मोजतात. तुझ्या राखणदाराचं नाव इथे कुणी काढत नाही. काल त्याने डोळे उघडले आणि मला म्हणाला, "पऱ्हाटी कशी हाय?" मी म्हटलं, उभी आहे.

जब्बार रोज संध्याकाळी येतो. तुझ्या अम्मी, अमीरबी भाभी, डबा पाठवतात. त्यात तूप नसतं. त्यांनी ठरवून केलं की सहज, विचारलं नाही.

रंगराव


हैदराबाद
२८ सप्टेंबर २०१७

काका,

सहदेवकाकांना वॉर्डात हलवलं हे अब्बांनी काल सांगितलं. ऐकून मी प्रयोगशाळेच्या जिन्यावर बराच वेळ बसले होते.

हे सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका. "राखणदार" हा शब्द माझा आहे. मला उपमा सुचली की आनंद होतो, ही तुमचीच शिकवण. पण अब्बांच्या आवारातल्या गाड्या लिहिताना मी सहदेवकाकांना गाडीखाली बसवलं हे लक्षात आलं नाही. इथे माझ्या टेबलावर तुमच्यासारख्या जिल्ह्यांतल्या लोकांच्या रक्ताच्या शेकडो नळ्या आहेत. मी प्रत्येकीतलं ते विकर मोजते. मोजता येतं. वाढवता येत नाही. अजून तरी नाही. दिवसभर काम करून मी कुणाला काय सांगणार? तुमच्यात कमी आहे, तेव्हा सांभाळा. आणि कसं सांभाळणार, तर फवारू नका. आणि तो म्हणणार, मग?

दुसरी गोष्ट. अब्बांनी तुम्हाला न सांगता मला सांगितली. दवाखान्याचा जिना चढताना तुम्ही मध्येच बसलात. हात छातीवर होता. अब्बा म्हणाले, "बे रंग्या, काय झालं?" आणि तुम्ही म्हणालात, माझं अडुसष्ट आहे, मला काही होत नाही.

काका, गाड्या अडुसष्ट असू शकतात आणि सगळ्या रिकाम्या उभ्या असू शकतात. तुमचे वडील पन्नाशीच्या आत गेले. ते फवारणीने गेले की हृदयाने, की दोन्हींनी मिळून, हे आता कुणालाच कळणार नाही. पण तुम्ही आणि सहदेवकाका त्यांचेच. जे विकर त्यांच्यात कमी असेल, ते तुमच्यातही कमी असू शकतं, तुम्ही कधी पंप उचलला नसलात तरी. झटक्याची वाट बघत बसू नका. अब्बांबरोबर अकोल्याला जाऊन हृदयाची नीट तपासणी करून घ्या. हा लेखी आदेश आहे.

काकूंना फोन केला होता. तुमच्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, "काई बोलत नाईत. मस्करीबी करत नाईत. मले ते जास्त घाबरवते."

आलिमा


अमडापूर
२६ ऑक्टोबर २०१७

चि. आलिमा,

आदेशाप्रमाणे अकोल्याला जाऊन आलो. जब्बार सोबत होता. त्याने डॉक्टरांना माझी ओळख "यायचं चांगलं कोलेस्टेरॉल लय चांगलं हाय" अशी करून दिली. डॉक्टर हसले आणि त्यांनी चित्र दाखवलं. हृदयाची एक नळी अर्ध्याहून जास्त बंद आहे. तू म्हणालीस तसं आहे, गाड्या फाटकावर रांगेत उभ्या आणि आवारात माल तसाच साठलेला. सध्या गोळ्या, चालणं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणं. गोळ्यांची डबी फडताळाच्या खालच्या फळीवर ठेवली आहे. तूप काकूंनी कुणाला तरी देऊन टाकलं. बरणीत आता मीठ आहे.

काकूंची मी माफी मागितली. म्हणाल्या, "मंग आता मी काई सांगतलं तर ऐकसाल?" मी हो म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

सहदेव दिवाळीच्या आधी घरी आला. चालतो, जेवतो. उजवा हात जरा थरथरतो, चहाची बशी वाजते. मधूनच बोलता बोलता शब्द विसरतो आणि मग रागावतो. पऱ्हाटीची बोंडं फुटली, पण आतून पोखरलेली निघाली. वेचायला माणसं आली, दोन ओळी वेचून पाहिल्या आणि निघून गेली. त्यांचाही इलाज नव्हता. पंचफुला एकटी वेचते. ती मला काही बोललेली नाही. पूर्वीही बोलत नव्हती, पण ते न बोलणं रीतीचं होतं, आता मला त्यातलं वेगळं काही ऐकू येतं. दोघी जावा संध्याकाळी ओट्यावर बसून वेचलेली बोंडं थोडी साफ करतात. मी पायरीवर बसतो आणि तुझी तिन्ही पत्रं पुन्हा वाचतो. तिसऱ्या वाचनाला कुठे मला पहिलं पत्र कळलं. मी ते तुपासाठी वाचलं होतं. मला तूप हवं होतं, म्हणून त्यात तूप सापडलं. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो की अर्थ आधी ठरवून श्लोक वाचू नये.

पण हेही खरं मोठं दुःख नाही. माझ्या नळीचं मला फारसं काही वाटत नाही. वडिलांना न गाठता आलेली पन्नाशी मी ओलांडली आहे, तेवढ्यावर माणूस समाधानी राहू शकतो.

काल सहदेव माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी फवारनीच्या टायमाले मंग काय खाऊ मी?"

मी म्हटलं, काही खाऊ नकोस. फवारूच नकोस.

तो हसला. "मंग पऱ्हाटी काय तुह्या श्लोकानं वाचते?"

मी उठायला लागलो. त्याने थरथरणारा हात दुसऱ्या हातात धरला आणि म्हणाला, "तसं नोको करू. आलिमाले लिही, तिले म्हन वाचून पाहा. दुसरं काही निघलं असीन. तू सांगशीन ते करतो मी. आजवर केलंच ना?"

आलिमा, एवढं होऊनही तो मलाच विचारतो. आणि मी जे सांगेन ते तो करेल. मला भीती वाटते ती याची.

रंगराव